मासे उबेत, देव्हारा ओला

सूयुन कधी मोठ्यानं बोललेली कुणाला आठवत नाही. कीलुंग या बंदराच्या शहरातल्या त्या सातमजली इमारतीच्या भिंती अशा, की शेजारी भाताच्या भांड्यावरचं झाकण उचललं तरी इकडे कळावं. पण छत्तीस वर्षांच्या संसारात तिचा आवाज काही भिंतीपलीकडे गेला नाही. तिला त्याची गरजही नव्हती. तिच्याजवळ एक वाक्य होतं. चहाचा पेला पुढे ठेवता ठेवता, बाहेर पाऊस थांबला का असं विचारावं अशा सुरात ती ते म्हणायची.

"अहो, आधी विचार केला होता का?"

एवढ्या पाच शब्दांनी तिच्या नवऱ्याचे, म्हणजे लाय मूशानचे, आजवर अकरा बेत बुडवले होते. गच्चीवर मधमाश्या पाळण्याचा बेत त्यात गेला. भागीदारीत जुनी होडी घेण्याचा गेला. घरच्या घरी सोयाबीनचा सॉस मुरवण्याचा तर बरण्या धुऊन पालथ्या घातल्यावर गेला. दर वेळी मूशान ताठ होऊन म्हणायचा, "म्हणजे काय? विचार केल्याशिवाय का?" आणि मग खिडकीशी जाऊन उभा राहायचा. तिथं थोड्या वेळानं त्याच्या लक्षात यायचं, की केला नव्हता.

त्या वर्षी चांद्र नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी त्याच्या हातून सूपाचा वाडगा फुटला. सूयुननं तुकडे लाल कागदात गुंडाळले आणि "सुखशांती नांदो" म्हणाली. त्यात विशेष काही नाही. त्या दिवशी काही फुटलं की सगळेच तसं म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यानं हवा कोरडी करायच्या यंत्रातलं पाणी, बादलीभर, तिच्या नव्या सपातांवर ओतलं. सूयुन म्हणाली, "बरं झालं, धुवायच्याच होत्या." तिसऱ्या दिवशी मूशानला राहवेना.

"अगं, तुझी तब्येत ठीक आहे ना?"

"नवस केलाय," सूयुन म्हणाली. "दुसऱ्या महिन्याच्या एकोणीसला ग्वानयिन मातेचा जन्मदिवस. तोवर कुणाला दोष द्यायचा नाही, कुणाला लागेल असं काही बोलायचं नाही. एकोणपन्नास दिवस."

"कशासाठी?"

"नवस सांगत नाहीत."

आता, नवस ही पवित्र गोष्ट आहे आणि कुणाच्याही नवसाकडे आदरानंच पाहावं. पण मूशानला त्यात आधी दिसले ते दिवस. तीन गेले होते, शेचाळीस उरले होते. गेल्या शरदात तो बंदरातल्या गोदामाच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला. तेव्हापासून सकाळी दुर्बीण घेऊन खिडकीशी बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांची नावं वहीत लिहायचा. ही नावं कुणालाच नको होती. एवढ्यात उतारावरच्या गाडीचा ब्रेक कुणीतरी काढून घेतला, आणि तोही धर्मकार्यासाठी! बारावा बेत त्याच दिवशी जन्माला आला.

पाचव्या दिवशी दुकानं उघडली. मूशान आ-त्सायच्या माशांच्या दुकानात पहिला गिऱ्हाईक. तिथं एका काचेआड थाळीएवढे गोल, निळ्या रेघांचे मासे एखाद्या संचालक मंडळासारखे स्थिर उभे होते.

"काका, याला डिस्कस म्हणतात," आ-त्साय म्हणाला. "हा मासा नाही, राजा आहे. राजाला एकच लागतं, ऊब. तीस अंश. एकोणतीस झाले की रुसतो. अठ्ठावीस झाले की काळा पडतो. सत्तावीस झाले की..."

"की काय?"

"की तुम्ही माझ्याकडे यायचं, दुसरा न्यायला."

बाहेर तेरा अंश होते आणि कीलुंगचा तो पाऊस पडत होता जो पडतोय असं वाटत नाही, पण माणूस घरी पोचेपर्यंत आतल्या गंजीपर्यंत गेलेला असतो. असल्या शहरात तीस अंशांचे मासे पाळायचे म्हणजे काय, याचा विचार आधी... असो. मूशाननं सहा टाक्या घेतल्या. पिल्लं झाली की वेगळी ठेवायला लागतात, असं आ-त्साय म्हणाला.

टाक्या गेल्या मुलीच्या खोलीत. मुलगी लग्न होऊन ताइचुंगला गेली होती, खोली रिकामीच होती. पलीकडे, एका भिंतीआड, घरचा देव्हारा: ग्वानयिन मातेची लाकडी मूर्ती आणि लाय घराण्याच्या पूर्वजांची नावं कोरलेली पाटी. टाक्या आल्या तेव्हा सूयुन देव्हाऱ्यापाशी फळं मांडत होती. तिनं सहा टाक्या मोजल्या. मूशान श्वास रोखून उभा राहिला.

"छान स्वच्छ काच आहे," ती म्हणाली.

पहिले तीन दिवस मूशान जमिनीवर चालत नव्हता. प्रत्येक टाकीत पाणी तापवायची एक कांडी, सहा टाक्यांत सहा. मासे तेजाळले. मूशाननं जहाजांची वही उलटी करून मागच्या बाजूनं तापमानाची नोंद सुरू केली. आठव्या दिवशी सकाळी तो खोलीत गेला तर खोली नव्हतीच. म्हणजे होती, पण दिसत नव्हती. वाफेत चाचपडत तो पुढे गेला तेव्हा भिंती गळत होत्या, छत ठिबकत होतं आणि मुलीच्या शाळेतलं सुलेखनाचं बक्षीस भिंतीवरून सोलून खाली आलं होतं.

अशा वेळी शेजारी कामाला येतात. म्हणजे, येतात. समोरच्या घरातला फान हा खोल समुद्रात टूना पकडणाऱ्या जहाजांवर सव्वीस वर्षं शीतगृहाचा इंजिनिअर होता.

"मूशान, तुझं मुळातच चुकलंय," त्यानं उंबऱ्यातूनच निकाल दिला. "पाणी तापवतोस कशाला? खोली तापव. खोली तीस, तर पाणी तीस. सहा कांड्यांऐवजी एक शेगडी!"

"तुला माशांतलं कळतं का?"

"मी अख्खं आयुष्य मासे गार ठेवण्यात घालवलं. गरम ठेवायचं म्हणजे तेच, उलट."

तेल भरलेली विजेची शेगडी आली. पण शेगडीची ऊब भिंतीतून बाहेर जाते, म्हणून भिंतींना आतून थर्माकोल लावायला हवा. नवा थर्माकोल महाग. फानला युक्ती सुचली: पहाटेच्या मासळीबाजारात रिकामी खोकी ढिगानं पडलेली असतात. दोघा निवृत्त गृहस्थांनी दोन सकाळी ती खोकी वाहिली, कापली, चिकटवली. खोली पांढरीशुभ्र झाली. तापली. आणि तापल्यावर त्या थर्माकोलानं आपल्या पूर्वायुष्याची आठवण काढली. तो वास इतका जोरदार होता, की जिन्यातली तीन मांजरं दारासमोर येऊन बसली आणि चौथी कुठूनशी पत्ता विचारत आली.

"बांगडा," फान हुंगून म्हणाला. "थोडी कोळंबीही असावी."

सूयुननं दारातल्या मांजरांना ओलांडून भाजीची पिशवी आत आणली. मूशाननं मान खाली घातली.

"बिचारी कुठं जातील एवढ्या पावसात," ती म्हणाली, आणि आत गेली.

इथून मूशानला चैन पडेनासं झालं. छत्तीस वर्षं त्या वाक्यावर तो चिडला होता. पण ते वाक्य म्हणजे घाटातला कठडा होता, हे त्याला आता कळत होतं. कठडा आहे म्हणून माणूस कडेला जाऊन खाली वाकतो. कठडाच काढून घेतला तर? मग तो दुसऱ्या खुणा शोधू लागला, आणि त्याला एक सापडली.

सूयुन रोज पहाटे साडेपाचला देव्हाऱ्यापुढं तीन उदबत्त्या लावत असे. मूशान त्या वेळी अंथरुणात जागा असायचा. एरवी काडी ओढल्याचा एक आवाज यायचा, आणि मग तिचं हलकं जपाचं गुणगुणणं. बाराव्या दिवशी त्यानं तीन काड्या ऐकल्या. अठराव्या दिवशी सात. उदबत्त्या सादळल्या होत्या, काड्या सादळल्या होत्या, काडेपेटीची कड मऊ पडली होती. खर्र. थांबणं. खर्र. थांबणं. आवाजात राग नव्हता. तेच तर असह्य होतं. मूशान पांघरूण डोक्यावर घेऊन काड्या मोजायचा.

विसाव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या हूंगताई देव्हाऱ्याला नमस्कार करायला म्हणून आल्या आणि किंचाळल्या. "अगं सूयुन! मातेच्या डोळ्यांत पाणी!"

मूर्तीच्या गालावरून खरंच एक थेंब ओघळत होता.

"आई रडत नाही हो, हूंगताई," सूयुन मऊ फडक्यानं तो टिपत म्हणाली. "पलीकडची भिंत रडते."

आणि लगेच तिनं हात जोडून मातेची क्षमा मागितली. न जाणो, यातून भिंतीला दोष दिल्यासारखं झालं असेल.

मूशाननं त्याच दुपारी हवा कोरडी करायचं सर्वांत मोठं यंत्र आणलं. देव्हाऱ्यासाठी नव्हे, ते सुचायला त्याला अजून महिना लागायचा होता. माशांच्या खोलीसाठी. या यंत्राचा गुण असा, की ते हवेतलं पाणी शोषून घेतं. अवगुण असा, की त्या बदल्यात गरम वारा सोडतं. खोली तीसची चौतीस झाली. मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले. खिडकी उघडली, तर तेरा अंशांचा ओला वारा आत. खोली पंचवीस. शेगडी भडकली, कांड्या लाल झाल्या, काचांवर धुकं, यंत्र घुरघुरलं. शेगडी तापवायची, खिडकी निववायची, पाणी वाफ द्यायचं, यंत्र ती गिळायचं, आणि गिळून पुन्हा तापवायचं. चार जावा एका चुलीवर! आणि विजेचं मीटर बाहेरच्या व्हरांड्यात भोवऱ्यासारखं फिरत होतं.

त्यात यंत्र दर दोन तासांनी बंद पडू लागलं. यावर काय करायचं हे बंदरात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला सांगायला नको. गोदामातल्या प्रत्येक क्रेनवर, प्रत्येक संगणकावर हिरव्या पाकिटातला तो नारळाच्या चवीचा कुरकुरीत खाऊ ठेवलेला असायचा. पाकीट हिरवंच हवं. मुदत संपलेली नको. त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग', म्हणून यंत्रही मग तसंच वागतं. मूशाननं पाकीट आणलं, यंत्राच्या माथ्यावर ठेवलं. यंत्र दीड तासात बंद पडलं. फाननं चष्मा लावून पाकिटावरची तारीख तपासली.

"मुदत आहे. रंगही बरोबर. पाकीट लहान पडत असेल. तुझं यंत्र मोठं आहे."

मोठं पाकीट आणलं. यंत्र तासाभरात बंद पडलं.

यंत्राच्या पाण्यासाठी मूशाननं खिडकीतून बाहेर एक नळी सोडली होती. चोविसाव्या दिवशी हूंगताई वर आल्या. त्या इमारतीच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षा. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. हातात नोटीस, तिच्यावर समितीचा शिक्का.

"लायसाहेब, तुमच्या खिडकीतून माझ्या पत्र्यावर पाणी पडतंय."

"हूंगताई, पाऊस पडतोय. सहा आठवडे पडतोय."

"पावसाचा थेंब मी ओळखते. तो कसाही पडतो. हा दर चार सेकंदांनी पडतो. मला दाखवा कुठून येतो ते."

खोलीचं दार उघडलं. हूंगताई आत शिरल्या, आणि नोटीस धरलेला त्यांचा हात हळूहळू खाली आला. खिडकीच्या दांडीवर मूशाननं सकाळी पाण्यात भिजलेला सदरा टाकला होता. हूंगताईंनी त्याची बाही चिमटीत धरली. मग कॉलर. मग काखेतली शिवण. कीलुंगमध्ये कपडा खरा वाळलाय का हे काखेत कळतं.

"हा कधी धुतलात?"

"सकाळी."

"आज सकाळी?" हूंगताईंचा आवाज कापरा झाला. नव्या वर्षापासून त्यांच्या घरात एक मोजासुद्धा पुरता वाळला नव्हता. त्यांनी नोटिशीच्या चार घड्या केल्या आणि ती पर्समध्ये टाकली. "नळीचं बघू सावकाश," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या दोन टॉवेल घेऊन आल्या. "दोनच आहेत हो." तिसऱ्या दिवशी बादली. चौथ्या दिवशी पाचव्या मजल्यावरची सून तान्ह्या बाळाची दुपटी घेऊन आली; बाळाला नाही कसं म्हणणार? आठवड्याभरात टाक्यांवर आडव्या-उभ्या आठ दोऱ्या लागल्या, आणि राजासारख्या माशांच्या डोक्यावर अख्ख्या इमारतीची वस्त्रं लोंबू लागली. त्यांपैकी हूंगताईंच्या काही वस्त्रांची नावं इथं न घेतलेली बरी. मूशान आपल्याच खोलीत शिरताना आधी टकटक करायचा. ओले कपडे आले की हवा आणखी ओली, हवा ओली की यंत्र आणखी जोरात, हे सगळ्यांना मान्य होतं. त्यावर उपाय म्हणून हूंगताईंनी कपड्यांचं वेळापत्रक करून दारावर चिकटवलं. त्यात शनिवारी दुपारी दोन ते तीन 'मासे' असं लिहिलं होतं.

आणि चाळिसाव्या दिवशी बिल आलं. दोन महिन्यांचं बिल एरवी बावीसशे युआनच्या आसपास असे. हे अकरा हजार सहाशेचं होतं. मूशाननं ते तीनदा वाचलं, एकदा उजेडाशी धरून. मग सूयुनकडे दिलं. ही वेळ होती! संसारात याहून मोठी वेळ आली नव्हती. त्यानं डोळे मिटले.

"अक्षर किती सुबक छापलंय," सूयुन म्हणाली, आणि बिल देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे चौदा काड्या.

मीटर बिघडलं असणार, असा अर्ज घेऊन मूशान वीज कचेरीत गेला. नंबर घेतला, एकशेसहा. पहिल्या खिडकीवर कळलं की फॉर्म निळा हवा. निळ्या खिडकीवर कळलं की सहीऐवजी नावाचा शिक्का हवा. घरी जाऊन शिक्का आणला, पुन्हा नंबर घेतला.

"मीटर लाय च्यिंथू यांच्या नावावर आहे," खिडकीतली मुलगी म्हणाली. "अर्ज त्यांनीच करायला हवा."

"ते माझे वडील. वारले, एकोणीस वर्षं झाली."

मुलीनं पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मग इतकी वर्षं वीज कोण वापरतंय?"

चौतीस वर्षांच्या नोकरीत मूशाननं सरकारची टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती. कानाच्या पाळ्या लाल करून तो घरी आला, आणि त्याच्या पाठोपाठ, दोन दिवसांनी, तपासनीस आला. गळ्यात ओळखपत्र, पायांत पावसाळी बूट, वयानं पस्तिशीचा.

"आजोबा, मीटर उत्तम आहे," तो म्हणाला. 'आजोबा' मूशानच्या काळजात गेलं. आ-त्साय निदान काका म्हणायचा. "आत काय चालतं ते बघू."

आत दोऱ्यांवर सत्तेचाळीस कपडे होते आणि दारावर वेळापत्रक.

"अच्छा. धोबीखाना."

"मासे आहेत!" मूशान ओरडला. "खाली बघा, मासे!"

तपासनिसानं दुपटं बाजूला सारलं. एका डिस्कसनं त्याच्याकडे दुःखानं पाहिलं. नेमक्या त्याच वेळी हूंगताई कोरडे कपडे न्यायला आल्या आणि संत्र्यांची करंडी मूशानच्या हातात ठेवून म्हणाल्या, "हे या आठवड्याचं."

"घरगुती दर लागणार नाही, आजोबा," तपासनीस वही काढून म्हणाला. "धंद्याचा लागेल."

आता सूयुन पुढे आली. नवऱ्याची बाजू घ्यावी, तीही कुणाला न दुखावता, म्हणून हात जोडून म्हणाली, "साहेब, ते स्वतः कधी काही मागत नाहीत. लोक आपणहून आणून देतात."

तपासनिसानं हेही लिहून घेतलं.

शेवटी हूंगताईंनी समितीच्या शिक्क्यानिशी दाखला दिला, की हा धंदा नसून परोपकार आहे, तेव्हा कुठं तो वही मिटून उठला. जाताना यंत्र पुन्हा बंद पडलं. त्यानं ते पाहिलं, आणि माथ्यावरचं हिरवं मोठं पाकीट दोन्ही हातांनी, अदबीनं उचललं.

"आजोबा, हे हवा सोडायच्या जाळीवर ठेवलंय. यंत्राचा श्वास कोंडतोय." आणि पाकीट त्यानं तितक्याच अदबीनं यंत्राच्या बाजूला, जमिनीवर ठेवलं. काढून टाकलं नाही. तेवढी जोखीम सरकारी माणूसही घेत नाही.

फान यावर म्हणाला, "मला वाटतच होतं."

त्या दिवशी मूशान पुरता हरला. टाक्या परत द्याव्यात, शेगडी विकावी, भिंतीवरचा बांगडा खरवडून काढावा आणि दुर्बीण घेऊन खिडकीशी बसावं, एवढंच त्याला हवं होतं. पण बंद कसं करायचं? आ-त्सायला तो म्हणाला होता, "वर्षात पिल्लं दाखवतो." फानला म्हणाला होता, "पुढच्या वर्षी प्रदर्शनात बघ." हूंगताईंचं वेळापत्रक पुढच्या महिन्यापर्यंत भरलं होतं. स्वतः होऊन हरलो म्हणायला तोंड कुठं होतं? 'बायको नको म्हणाली, म्हणून बंद केलं' हे मात्र कुठल्याही इमारतीत चालतं. त्यात माणसाचा मान जात नाही, उलट चार पुरुष पाठीवर हात ठेवतात. त्याला फक्त ते पाच शब्द हवे होते. आणि ते मातेच्या चरणी गहाण पडले होते, एकोणीस तारखेपर्यंत.

पंचेचाळिसाव्या दिवशी तो गुपचूप बंदराकडच्या देवळात गेला. अर्धचंद्राच्या दोन लाकडी फाकी ओंजळीत धरून त्यानं विचारलं, "माते, मीच बंद करू का?" फाकी टाकल्या. एक उताणी, एक पालथी पडली तर होय. दोन्ही पालथ्या पडल्या तर नाही. दोन्ही उताण्या पडल्या. म्हणजे देवी हसते आहे. पुन्हा टाकल्या, हसली. तिसऱ्यांदा हसली तेव्हा मूशाननं फाकी जागेवर ठेवल्या आणि मागे न बघता निघून आला.

एकोणपन्नासावा दिवस उजाडला. सूयुन देवळात दिवसभर सेवेला होती. मूशान घरी पन्नासाव्या दिवसाची तयारी करत होता. शिक्षा व्हायची असली की माणूस निदान न्यायालय झाडून ठेवतो. त्यानं मोठं यंत्र ढकलत ढकलत माशांच्या खोलीतून देव्हाऱ्यापाशी आणलं, पाकीटसुद्धा बाजूला नीट ठेवलं, मूर्तीमागची भिंत कोरड्या फडक्यानं तीनदा पुसली, पूर्वजांची पाटी पुसली, नवी काडेपेटी आणून ठेवली. मासे त्या दिवशी कसेबसे राहिले. कपडेही.

पन्नासाव्या दिवशी सकाळी न्याहारी झाल्यावर तो माशांच्या खोलीत जाऊन उभा राहिला. एका बाजूला बाळाची दुपटी, एका बाजूला हूंगताईंचं ते, हातात अकरा हजार सहाशेचं बिल. चहा घेऊन सूयुन आली. तिनं पेला पुढे ठेवला. टाक्यांकडे पाहिलं, दोऱ्यांकडे पाहिलं.

"अहो," ती म्हणाली.

"बोल!" मूशान म्हणाला. त्याच्या डोळ्यांत जवळजवळ पाणी होतं. "बोल, संपला ना नवस? मन मोकळं कर. सगळं बोल!"

"चहा गार होईल."

"सूयुन, ते म्हण ना! आधी विचार..." त्यानं सुरुवातही करून दिली.

सूयुन टाकीच्या काचेवरचं धुकं तळहाताएवढ्या जागेपुरतं बोटांनी पुसत म्हणाली, "आता सांगायला हरकत नाही. तुम्ही निवृत्त झालात आणि खिडकीशी बसलात ना, जेवायला हाक मारली तरी वळायचा नाहीत. मला भीती वाटली. मी मातेला म्हटलं, यांना काहीतरी काम दे. सकाळी उठावंसं वाटेल असं. एकोणपन्नास दिवस टोचून बोलणार नाही. आणि मागणं पूर्ण केलंस, तर ते माझं वाक्य कायमचं तुझ्या पायाशी."

"कायमचं?"

"काल फाकी टाकून विचारलं, पूर्ण झालं का. एकदा नव्हे. तीन वेळा ओळीनं होय आलं." ती हसली. "दुर्बिणीवर बुरशी आलीय. पाहिलीत का?"

मूशाननं पाहिली नव्हती. मासे आल्यापासून तो त्या खिडकीशी गेलाच नव्हता. पन्नास दिवस ज्या वाक्याची त्यानं वाट पाहिली ते आता या घरात उरलंच नव्हतं. सूयुन पेला त्याच्या हातात देऊन देव्हाऱ्याकडे वळली. काल देवळातल्या सेवेत मिळालेल्या उदबत्त्या लावायच्या राहिल्या होत्या.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि हातात गुंडाळलेला मोठा कागद घेऊन फान आत आला.

"मूशान! रात्रभर हाच विचार चालला होता. सगळं सुटलं बघ. सहा टाक्या ही मुळातच चूक. एकच मोठी टाकी घालायची, समुद्राच्या पाण्याची. तुझ्या खोलीची ऊब नळ्यांतून हूंगताईंच्या न्हाणीघरात न्यायची, तिथला गारवा वर आणायचा. भिंतीला दोन भोकं, जमिनीला एक. बस्स! मी नकाशाच काढलाय."

मूशाननं नकाशा पाहिला. जमिनीतलं भोक पाहिलं. मग हातातला चहाचा पेला त्यानं फानपुढं ठेवला, अगदी हलक्या हातानं, आणि बाहेर पाऊस थांबला का असं विचारावं अशा सुरात म्हणाला,

"फान, आधी विचार केला होतास का?"

फान नकाशा घेऊन खिडकीशी जाऊन उभा राहिला.

त्या शांततेत पलीकडून काडी ओढल्याचा आवाज आला. मूशान सवयीनं कान देऊन पुढची मोजायला थांबला. पण पुढची काडी वाजली नाही. सूयुनचं जपाचं गुणगुणणं सुरू झालं होतं.